टोमॅटोच्या बुडाला काळा डाग? औषध राहू द्या, आधी कुंडीत बोट घालून बघा

होळी झाल्यापासून माझ्याकडे वेगवेगळ्या घरांतून जवळपास एकच फोटो येतोय. वरून टोमॅटो एकदम मस्त दिसतो, उलटा केला की बुडाला काळपट, चपटा, चामड्यासारखा डाग. घोडबंदर रोडच्या एका ताईंनी विचारलंय की सर दोनदा बुरशीनाशक मारलं तरी नवीन फळं पण तशीच निघतायत, आता कुठलं औषध मारू? ऐरोलीच्या एका काकांचं वेगळंच, ते सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घालतात तरी झाड मान टाकतं. आणि खारघरच्या एका दादांची फळं ऐन पिकायच्या वेळेला तडकतात. तिघांना एकत्रच उत्तर देतोय, कारण तिघांचंही दुखणं पाण्याचं आहे.

ताई, आधी फवारणी थांबवा. हा रोग नाहीये, बुरशी पण नाही आणि कीड पण नाही, एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही. घरी खायच्या फळावर उगाच औषध कशाला? याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात, फळाला कॅल्शियम कमी पडलं की होतं. आता कॅल्शियम म्हटलं की सगळे अंड्याची टरफलं टाकायला धावतात, पण ती मातीत विरघळून झाडाला मिळेपर्यंत हंगाम संपतो. खरं तर बऱ्याच कुंड्यांत कॅल्शियम असतंच, ते फळापर्यंत पोचत नाही एवढंच. ते पाण्याबरोबर वर चढतं, पानांतून पाणी जास्त उडतं म्हणून पहिला वाटा पानांचा आणि फळाचं बूड सगळ्यात शेवटी. माती मधेच एखादा दिवस कोरडी पडली की त्या शेवटच्या टोकाचा पुरवठा तुटतो. आणि हे फळ लहान असतानाच होऊन जातं, डाग आपल्याला नंतर दिसतो, त्यामुळे आज पाणी सुधारलं तरी आत्ता लागलेली काही फळं डागाळलेलीच निघणार, घाबरून जाऊ नका. ती काढून टाका म्हणजे झाडाची ताकद नव्या फळांना मिळेल. पिकलेल्या फळाचा डागाचा भाग कापून उरलेला चांगला असेल तर खुशाल आमटीत घाला.

मागच्या आठवड्यात ठाण्यातच एका बाल्कनीत गेलो होतो. बाई म्हणाल्या, रोज न चुकता एक मग पाणी घालते. मी म्हटलं माझ्यासमोर घाला. कुंडीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, सुकून आक्रसलेलं, कुंडीच्या कडेने पेन्सिल जाईल एवढी फट, त्यांनी मग ओतला आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली ताटलीत. ताटली भरलेली दिसायची म्हणून त्यांना वाटायचं झाडाचं पोट भरलं. मधे बोट घातलं तर नुसती भुकटी! अशी कुंडी वरून कितीही पाणी घाला, भिजत नाही. टबात ठेवून अर्धा तास बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, पाणी निथळू द्या, मग कडेची फट माती आणि शेणखताने दाबून बुजवा. वर दोन इंच वाळका पाला नाहीतर नारळाच्या शेंड्या पसरा, आपल्याकडच्या मार्चच्या उन्हात याने खूप फरक पडतो.

रोज किती मग घालायचे हे मी सांगणार नाही, ते ऊन-वाऱ्यावर आहे. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत पाणी, ओलं लागलं तर थांबा. आणि मोठ्या फळाच्या जातीला 15 ते 20 लिटरची कुंडी हवीच. 8 इंची कुंडी उन्हात दुपारपर्यंत सुकते, त्यात चेरी टोमॅटो लावा, त्याला हा त्रास क्वचितच होतो.

काका, दुपारी झाड मान टाकून संध्याकाळी परत सरळ होत असेल तर ते उन्हाने आहे, पाणी वाढवू नका. पण सकाळी सुद्धा लोंबलेलं असेल आणि माती ओली असेल तर मुळं गुदमरलीत. खालची ताटली काढा, भोकं तुंबली असतील तर मोकळी करा आणि माती वरून सुकेपर्यंत पाणी बंद. एसीच्या बाहेरच्या युनिटचा गरम वारा झाडावर येत नाही ना तेही बघा.

दादा, तुमच्या सोसायटीत पाणी बंद असतं त्या दिवशी कुंड्या सुकतात आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळी भरपाई एकदम करता, मग फळ आतून फुगतं, साल तेवढी ताणत नाही आणि फाटते. आदल्या रात्रीच पाणी द्या, दोन बाटल्या भरून ठेवा, एसीचं साठवलेलं पाणी पण चालेल. फळाने लाली धरली की तोडून घरात पिकवा, चवीत फारसा फरक पडत नाही.

खताचं थोडक्यात. युरिया नको, त्याने नुसता पाला वाढतो. पाण्याची घडी नीट बसल्यावर कॅल्शियम नायट्रेट लिटरला 2 ग्रॅम, मातीत, 10-12 दिवसांनी एकदा. दुसऱ्या खतात मिसळू नका, साका होऊन खाली बसतो. आपली कोकणची लाल माती आंबट असते, तेव्हा पुढच्या लागवडीला रोपं लावायच्या 15 दिवस आधी शेतीचा चुना मिसळा, पानाचा किंवा भिंतीचा नाही, तो फार तिखट असतो.

आणि फळाला डाग नसून गोल भोक असेल, आत विष्ठा दिसत असेल तर ती फळ पोखरणारी अळी, तिचा इलाज वेगळा. म्हणून पुढचा फोटो पाठवाल तेव्हा फळ मधोमध कापून पाठवा.