दहावीला 78 टक्के मिळवून मुलगा आयटीआयला जायचं म्हणतो, जाऊ द्यावं का?

तुम्ही विचारलंय : मुलाला मशिनिस्ट व्हायचंय, घरातले म्हणतात एवढे मार्क मिळवून हात काळे करणार का, आम्ही पुण्यात राहतो, काय करावं?

जाऊ द्या त्याला. मी आयटीआयला टर्नरचा ट्रेड, म्हणजे कोर्स केला, 24 वर्षं पुण्याजवळच्या भोसरीत लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या मशीनवर आहे. तुमच्या घरात चाललंय तेच बोलणं माझ्याही घरात झालं होतं.

माझं लग्न जमवताना मामा सगळीकडे सांगायचा, “मुलगा कंपनीत आहे.” कंपनीत काय करतो, ते नाही. मुलगी बघायला जायच्या आदल्या रात्री आईनं मला रॉकेलनं हात घासायला लावले. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची काळी भुकटी नखांच्या कडेला आणि बोटांच्या रेषांत बसते, एका रात्रीत निघत नाही. चुलतभावाला माझ्याहून कमी पगार होता, पण तो ‘ऑफिसात’ होता, आणि ते सगळे मोठ्यानं सांगत. म्हणजे पगाराचा प्रश्न नव्हताच.

हे कुठून येतं याचा मी बराच विचार केलाय. आपलं रोजचं बोलणंच बघा ना. मन न लावता काम उरकलं की आपण म्हणतो, पाट्या टाकल्या. डोक्यावर खडीची पाटी घेऊन शिडी चढणाऱ्या बाईचं लक्ष क्षणभर हललं तर ती खाली येईल. तरी निष्काळजीपणाला नाव मात्र तिच्या कामाचं. गावगाड्यात लोहार, सुतार, कुंभार, चांभार यांना काम जन्मानं मिळायचं, मोबदला बलुत्याच्या धान्यात, आणि हिशेबाची लेखणी कुलकर्ण्याकडे. 1936 साली बाबासाहेबांनी मांडलं की जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे. आईला माझ्या हातांची वाटलेली लाज मला तिथलीच वाटते. तिचा एकटीचा दोष नाही.

आणि ‘हातचं काम’ म्हणजे डोकं नको, हे तर साफ चूक. 30 मिलिमीटरच्या शाफ्टवर के 6 फिटमध्ये, म्हणजे ठरलेल्या नेमक्या बसणीत, बेअरिंग बसवायचं असेल तर माप 13 मायक्रॉनच्या पट्ट्यात यावं लागतं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. त्यात कटिंगनं जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा तापतो. 20 अंशांनी तापलेला तोच शाफ्ट सुमारे 7 मायक्रॉन फुगतो, म्हणजे अर्धी जागा तिथंच गेली. गरम असताना मोजून बरोबर वाटलेला जॉब थंड झाला की रिजेक्ट. टूलची धार बसायला आलीय हे मला आधी आवाजावरून कळतं, मग चिपचा, म्हणजे कापून निघालेल्या धातूच्या कीसाचा रंग बघून खात्री करतो. हे यायला मला पाच-सहा वर्षं लागली.

वाईट बाजूही सांगतो. ज्यांच्याकडे पहिल्यांदा लागलो, त्यांनी अकरा महिन्यांनी ब्रेक देऊन पुन्हा ‘नवा’ म्हणून घेतलं, दोन वेळा. पीएफ भरतच नव्हते, हे उशिरा कळलं. प्रॉडक्शन वाढावं म्हणून गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी, काढून चालवलेल्या प्रेसवर बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. घरच्यांनी ही भीती बोलून दाखवली असती तर मी ऐकलं असतं. पण मी सुरक्षित आहे का, हे कुणी विचारलंच नाही. लोक काय म्हणतील, एवढंच चाललं होतं. तुम्ही मात्र मुलाला हे जरूर विचारत राहा. नोकरी लागली की पीएफचा नंबर आणि नेमणुकीचं पत्र मागायला शिकवा.

पुढचे रस्ते बंद होत नाहीत. मशिनिस्टचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. नंतर अ‍ॅप्रेंटिसशिप करता येते, किंवा पॉलिटेक्निकला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन शिकायला सांगाच, पण आधी साध्या लेथवर हात बसू द्या. तिथं चूक लगेच हाताला कळते.

अ‍ॅडमिशनच्या आधी एकदा त्याला भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये घेऊन या. गुरुवारी नको, त्या दिवशी इथं सुट्टी असते. मालकाशी तुम्ही बोला, मशीनवरच्या माणसाशी त्याला एकट्याला बोलू द्या.