मागच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलताय? तुमचे प्रश्न

प्रश्न: साठच्या पुढे गेलं की मागून घूंऽऽ आवाज येतो. टायर की बेअरिंग?

रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा नाही. मोकळ्या रस्त्यावर हळूच उजवीकडे घ्या, वजन डाव्या चाकावर जातं, तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक डावंच गेलंय. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा, प्ले म्हणजे ढिलेपणा लागतो का बघा, आणि हाताने फिरवताना खरखर येते का तेही बघा.

प्रश्न: जुन्या मारुती 800 चं बेअरिंग हातोडीने ठोकून बसवलं तर चालेल का?

ठोकणं एकवेळ ठीक, पण कुठे ठोकताय ते फार महत्त्वाचं आहे. या गाडीत बेअरिंग ब्रेकच्या ड्रममध्ये बसतं, म्हणजे घट्ट बसते ती बाहेरची रेस (कडी), त्यामुळे जोर फक्त तिच्यावरच द्यायचा. आतल्या रेसवर मारलं तर तो मार गोळ्यांमधून जातो, रेसवर बारीक खड्डे पडतात आणि नवं कोरं बेअरिंग थोड्याच दिवसांत परत घुमायला लागतं, मग लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता! जुनं बेअरिंग फेकून देऊ नका, त्याचीच बाहेरची रेस नव्यावर ठेवून सगळीकडून सारखं, हळूहळू ठोका. जवळ लेथवाला असेल तर सरळ ड्रम घेऊन जा आणि प्रेसवर बसवून आणा, माझं मत विचाराल तर हेच करा. आणि दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर (अंतर राखणारी नळी) परत टाकायला विसरू नका, तो राहिला तर नट आवळताच बेअरिंग जाम होतं.

प्रश्न: दोन्ही चाकांची बदलू का?

गरज नाही. पण एका ड्रममधली आतली-बाहेरची दोन्ही आणि सील (ग्रीस आत धरून ठेवणारी रिंग) एकदमच बदला.

प्रश्न: नुसत्या जॅकवर काम होईल का?

अजिबात नाही! मागे काम करताना हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर ड्रम निघत नाही, म्हणजे गाडी धरायला काहीच उरत नाही. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड आणि खाली स्टँड, हे झाल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न: एबीएसवाल्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत वेगळं काही?

बऱ्याच नव्या बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाची रिंग असते. ती बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे यायला हवी, उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो. ती रिंग चुंबकवाल्या ट्रेमध्ये तर ठेवूच नका.