मानसशास्त्र की संगणकशास्त्र?

प्रश्न : मला पदवीला मानसशास्त्र घ्यायचं आहे. आईबाबा म्हणतात, त्यात नोकरी कुठे आहे, संगणकशास्त्र घे. गणित मला जमतं, पण दिवसभर कोड लिहिणं नको वाटतं. प्रवेशाला दोन महिने आहेत. काय करू?

उत्तर : तुला उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ व्हायचंय, की माणसं अशी का वागतात याचं कुतूहल आहे? पहिलं असेल तर नुसत्या पदवीवर भागत नाही. बहुतेक देशांत पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखालचा सराव आणि नोंदणी किंवा परवाना लागतो. हा काळ आणि त्याचा खर्च घरी आत्ताच मांड. पदवी हातात आल्यावर तो कळला, तर आईबाबांना फसवल्यासारखं वाटेल.

नुसतं कुतूहल असेल तर वाट बरीच मोकळी आहे. मानसशास्त्रात संख्याशास्त्र असतंच. तुला गणित जमतंय, तर संख्याशास्त्र जोडविषय म्हणून पुरं घे आणि आकडेवारी हाताळण्यापुरती पायथन किंवा आर ही संगणकभाषा शिक. बाजार-संशोधन, मनुष्यबळ विभाग, ॲप वापरणाऱ्यांचा अभ्यास अशा कामांत ही जोडी उपयोगी पडते. माहिती तपासायला वीस ओळी लिहिणं आणि दिवसभर सॉफ्टवेअर बांधणं यांत फार फरक आहे.

हे तोंडी सांगून घरी पटणार नाही. नोकरीच्या तीस जाहिराती गोळा कर, पण शून्य ते दोन वर्षं अनुभव मागणाऱ्याच. कोणती पदवी आणि कोणती कौशल्यं मागितलीत, ते वहीत मांड. संगणकशास्त्राच्याही तीस घे, नाहीतर तुलना खोटी ठरेल.

कॉलेजच्या 'सरासरी पगारा'वर विसंबू नकोस. चौघांना 3 लाख आणि एकाला 18 लाख मिळाले तर सरासरी 6 लाख येते, पगार चढत्या क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा मात्र 3 लाखच. तो मधला आकडा विचार. शिवाय नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी सगळ्या विद्यार्थ्यांवर काढली आहे की फक्त नोकरीसाठी नाव नोंदवलेल्यांवर, हेही विचार. इथेच बहुतेक जण फसतात.

मग आईबाबांना विचार, नेमकी भीती कशाची? कर्जाच्या हप्त्याची असेल तर पहिल्या नोकरीचा पगार दाखव. पुढच्या शिक्षणाच्या खर्चाची असेल तर वर्षवार हिशेब दे. 'माझी आवड' हे त्यांच्या भीतीला उत्तर नाही.

आणि पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते का, किती गुण लागतात, कोणते विषय पुन्हा करावे लागतात, हे कॉलेजकडून फी भरण्याआधी लेखी घे.