सूर्यावरून येणारे कण अन् माळवदावरची आजी

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज आलाय की आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणारेत, मोबाईल बंद करून लांब ठेवा. आमची आजी उन्हाळ्यात माळवदावर झोपते, आई म्हणतेय तिला खाली आणा. सूर्यावरून असे कण खरंच येतात का? मे 2024 मध्ये लडाखला आभाळ लाल झालं होतं ते ह्यांच्यामुळंच का?
– एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)

उत्तर : आजीला वरच झोपू द्या, खाली उकाड्यात जीव जाईल तिचा. हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, त्यात तारीखच नसते, नुसतं 'आज रात्री', त्यामुळं तो कधी शिळाच होत नाही.

कण मात्र खरंच येतात, बहुतेक प्रोटॉन. सूर्यावर मोठा स्फोट झाला की उजेड अन् एक्स-रे 8 मिनिटांत पोचतात, त्यांच्या मागून प्रोटॉन, आणि तापलेल्या वायूचा ढग एक ते तीन दिवसांनी. लोक ह्या तिन्हींची खिचडी करतात.

प्रोटॉनला हा वेग बऱ्याचदा तो ढगच देतो. ढग सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटरनं सुटला की त्याच्या पुढं शॉक, म्हणजे धक्क्याची लाट, तयार होतो, दोन पोरं बॅट घेऊन एकमेकांकडं चालत यावीत अन् मधला चेंडू दर टोल्याला जास्तच जोरात जावा, तसा प्रोटॉन त्या शॉकच्या आरपार ये-जा करत एनर्जी कमावतो. 1 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (हे कणाची एनर्जी मोजायचं माप) गेलेला प्रोटॉन 11-12 मिनिटांत इथं, 1 कोटीवाल्याला तासाभराहून जास्त लागतो. तोही सरळ येत नाही, सूर्य फिरत असल्यानं त्याच्या चुंबकीय रेषा वळलेल्या असतात आणि प्रोटॉन त्या रेषा धरूनच येतो, म्हणून सूर्याच्या पश्चिमेकडच्या भागात स्फोट झाला तर आपल्याला जास्त लवकर गाठतो.

आता गंगाखेडचं. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत, इथं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कणांना वळवून लावतं, त्यामुळं डोक्यावरून सरळ खाली यायचं तर प्रोटॉनकडं 15 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर एनर्जी पाहिजे. सूर्याकडच्या बहुतेकांची मजल काही कोटींपर्यंतच. 1942 मध्ये स्कॉट फोर्बुश ह्या शास्त्रज्ञाच्या जमिनीवरच्या यंत्रांनी सूर्याचे असे कण पहिल्यांदा पकडले, पण पेरूमधल्या हुआंकायोच्या यंत्रावर, जे चुंबकीय विषुववृत्ताजवळच होतं, काहीच वाढ दिसली नाही. शिवाय वर अख्खं वातावरण आहेच की.

लडाखचं प्रकरण त्या ढगाचं. 10-11 मे 2024 ला असे ढग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळले, त्या गोंधळात पृथ्वीजवळचेच इलेक्ट्रॉन ध्रुवांकडच्या भागात खाली उतरले अन् दोनशे किलोमीटरच्या वरचा ऑक्सिजन लाल चमकला, उंची एवढी की लडाखमधल्या हानलेहून तो क्षितिजाजवळ दिसला.

खरी काळजी अंतराळवीरांची. ऑगस्ट 1972 मध्ये प्रोटॉनचं जबरदस्त वादळ आलं, अपोलो 16 एप्रिलमध्ये परतलेलं, अपोलो 17 डिसेंबरात जायचं होतं, मधे चंद्रावर कुणी नव्हतं म्हणून बरं. आता आपलं आदित्य एल-1 पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर बसून हेच कण मोजतंय, तिथं माळवदावर झोपायला मात्र मी कुणाला सांगणार नाही.