स्वेटरचं माप छातीवरून नाही, खांद्यावरून धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छाती ३८ इंच, सीट (नितंबांचा घेर) ४२. पॅटर्नमधलं ४० चं माप घेतलं, सांगितले तेवढेच टाके घातले, तरी खांदे दंडावर उतरले आणि सीटवर मात्र स्वेटर ताणला जातोय. मग पुढच्या वेळी एक माप वरचं घ्यावं की खालचं?

दोन्ही नको. वरचं घेतलंत तर खांदे आणखी उतरतील, खालचं घेतलंत तर खाली घट्ट होईल. पॅटर्नमधली मापं छातीप्रमाणे वाढतात आणि छातीबरोबर खांदाही रुंद होत जातो. आपलं अंग तसं वाढत नाही. वजन वाढलं, बाळंतपण झालं, तरी खांद्याचं हाड होतं तेवढंच राहतं. म्हणून माप निवडायचं ते खांदा बघून. त्याखालचं सगळं आपल्याला बदलता येतं.

त्यासाठी टेप दोनदा लावा. एकदा काखेतून, छातीच्या उभाराच्या वरून, आणि एकदा नेहमीसारखी उभारावरून. दोन्हींत दोन इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर उभाराच्या वरून घेतलेल्या मापावर पॅटर्न निवडा आणि लागणारे जादा टाके फक्त पुढच्या पल्ल्यात घाला. पाठीला ते टाके नकोच असतात, तिथे नुसता झोळ येतो. समोरून स्वेटर वर चढत असेल तर पुढच्या पल्ल्यात काखेच्या खाली दोन-तीन ठिकाणी अर्ध्या सुया विणा, म्हणजे सुई शेवटपर्यंत न नेता मध्येच परतायचं. पुढची लांबी वाढते, बाजूची शिवण सरळ राहते.

टेप स्वतःच स्वतःला लावू नका, हात वर केला की खांद्याचं माप बदलतं. घरात कोणी नसेल तर छान बसणारा जुना स्वेटर किंवा जाड टी-शर्ट पलंगावर सपाट पसरून मोजा. ब्लाउजची मापं मात्र इथे चालत नाहीत. टेलर ती न ताणणाऱ्या कापडासाठी आणि टक्स धरून घेतो. त्याच्या वहीतून फार तर खांदा आणि बाहीची लांबी उचला.

आता लूजिंग, म्हणजे अंगाच्या मापावर ठेवायचा मोकळेपणा. टी-शर्टवर घालायच्या साध्या स्वेटरला अंगाच्या मापापेक्षा दोन ते चार इंच जास्त पुरतात. साडीवर घालणार असाल तर पदराच्या निऱ्या आणि पिन धरून आणखी एखादा इंच, आणि पुढून उघडा स्वेटरच बरा. पॅटर्नवरचं ४० हे अंगाचं माप आहे की तयार स्वेटरचं, तेही आधी बघा. निम्मे घोळ तिथेच होतात.

आणि नमुन्याचा चौकोन, म्हणजे स्वेटर सुरू करण्याआधी टाके मोजायला विणायचा छोटा तुकडा. कंटाळा येतो, मान्य. पण हिशोब बघा: पॅटर्न म्हणतो १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके, तुमच्या हाताला येतात २०. मग २२० टाक्यांचा घेर १०० सेंटीमीटरऐवजी ११० होतो. दोन टाक्यांनी अख्खे चार इंच वाढले! चौकोन निदान सहा इंचांचा घ्या, स्वेटर जसा धुणार तसाच धुवा, वाळू द्या आणि कडा सोडून मधलं मोजा. गोल सुईवर विणणार असाल तर चौकोनही तसाच गोल, सगळ्या ओळी सुलट विणा, कारण उलट सुईला बऱ्याच जणींचा हात सैल पडतो. अमेरिकन पॅटर्न असेल तर सुईच्या नंबरावर जाऊ नका: त्यांची ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, आपल्याकडची ८ नंबर म्हणजे ४. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. मिलिमीटर बघून घ्या.

तुमच्याच मापावर करून दाखवते. समजा इंचाला ५ टाके आणि ७ ओळी येतात. सीट ४२ अधिक २ म्हणजे ४४ इंच, २२० टाके. एका पल्ल्याला ११०, शिवणीचे दोन धरून ११२. छाती ३८ अधिक ३ म्हणजे ४१ इंच, पल्ल्याला शिवणीसकट साधारण १०४. म्हणजे खालून ११२ ने सुरू करायचं आणि काखेपर्यंत ८ टाके कमी करायचे. दोन्ही कडांना एकेक असे चारदा, दर १४ ओळींनी. आठ इंचांत काम होतं, वरचे पाच-सहा इंच सरळ विणा. काखेपासून पुढे निवडलेल्या लहान मापाच्या खांद्याचे आकडे घ्या. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या खोबणीला, तेवढे टाके जास्त घटवावे लागतील इतकंच.

मुंढ्याबद्दल एक उलटं वाटणारं सत्य. मोकळं व्हावं म्हणून मुंढा खोल ठेवतात, आणि मग ठाणे लोकलमध्ये वरची कडी धरली की अख्खा स्वेटर पोटावरून वर येतो. मुंढा काखेच्या जवळ असला की फक्त बाही उचलली जाते, खोल असला की बाहीबरोबर अंगही ओढलं जातं. हात वर करून बघितल्याशिवाय बाही जोडू नका, नुसती टाचून बघा. रॅग्लान, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोड असलेली बाही, वरून खाली विणत असाल तर अंग आणि बाही एकाच वेगाने वाढतात. दंड बारीक असेल तर शेवटच्या काही ओळींत फक्त अंगाकडचे टाके वाढवा.

लोकरीबद्दल. आपल्याकडे स्वेटर लागतो तो एसी ऑफिसात, नाहीतर सहलीला, त्यामुळे बऱ्याच जणी कॉटनकडे वळतात. अंगाला छान, पण कॉटन जड असतं आणि ताणलं की परत येत नाही. धुतलेल्या चौकोनाला खालून चार-पाच चिमटे लावून रात्रभर दोरीवर टांगा आणि सकाळी परत मोजा. लांबी वाढली तर स्वेटर तेवढा आखूड विणा. ॲक्रिलिकला गरम इस्त्री लावून आकार आणायचा प्रयत्न करू नका. ते एकदा लुळं पडलं की कायमचं. खरी लोकर मात्र ओली असताना हवी तशी बसवता येते. पावसाळ्यात धुतलात तर पंख्याखाली टॉवेलवर सपाट वाळवा, दोरीवर नाही.

हातातला स्वेटर उसवायची घाई नको. आतल्या बाजूने एका खांद्याच्या टोकापासून मागच्या गळ्यावरून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंत क्रोशाची घट्ट साखळी घाला, खांदे अर्धा-पाऊण इंच आत येतील. खाली बाजूच्या शिवणी चार इंच उसवून कुर्तीसारखे कट ठेवा आणि त्या कडांचे टाके उचलून चार ओळी सुलट विणा, म्हणजे कडा गुंडाळत नाहीत. सीटवरचा ताण तेवढ्याने जाईल.