हर्बेरियमच्या कामात पुढं काही आहे का?

प्रश्न : माझी मुलगी बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. कॉलेजच्या जुन्या हर्बेरियमचे, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या संग्रहाचे, फोटो काढून संगणकावर नोंदी करायच्या आहेत, त्यासाठी सरांनी तिला मुलांचा गट जमवायला सांगितलंय. ती त्यातच गुंतलेली असते. यात पुढं काही आहे का? आमच्या मनात बी.एड. होतं.
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, बी.एड.चा विचार सोडू नका, पण हे काम तिला मन लावून करू द्या. त्या प्रत्येक कागदाच्या, म्हणजे शीटच्या, लेबलवर झाड कोणतं, कुणी, कुठं आणि कधी गोळा केलं हे लिहिलेलं असतं. ते संगणकावर आलं, की भीमगडच्या रानात पूर्वी काय होतं आणि आज काय उरलंय, हे ताडून पाहता येतं.

फोटो काढायला कुणीही चटकन शिकतं. कस लागतो तो गट चालवताना. पाच-सहा जण पुरेत. सगळी कपाटं एकदम उघडू नयेत. एकाच कुळाची पन्नासेक शीट आधी पुरी करावीत, अडलं कुठं ते लिहून ठेवावं आणि त्यावरून नियम ठरवावेत. एकानं उतरवलेलं दुसऱ्यानं तपासायचंच. रकाने ‘डार्विन कोअर’ या जागतिक पद्धतीनं आखले, तर नोंदी पुढं जीबीआयएफ या जीवसृष्टीच्या नोंदींच्या जगभरच्या साठ्यात जाऊ शकतात.

लेबलवर आहे ते जसंच्या तसं उतरवायचं, आपला अंदाज वेगळ्या रकान्यात. समजा, 1950 च्या लेबलवर नुसतं ‘बेळगाव जिल्हा’ आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत चंदगड बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापूरकडे गेलं. म्हणजे ते झाड आजच्या महाराष्ट्रातलंही असू शकतं. अशा वेळी नकाशावर बेळगाव शहरात ठिपका ठोकून मोकळं होणं चूक. किती अंतराची शंका आहे, तेही मीटरमध्ये नोंदवायचं. आपल्या भागातली गावं, वाड्या, घाट माहीत असलेली, मराठी-कन्नड दोन्ही येणारी मुलं इथं फार मोलाची आहेत.

एक काळजी मात्र घ्याच. जुन्या शीटना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराईड लावत, ते विषारी असतं. हातमोजे हवेत, खिडक्या उघड्या हव्यात, आणि त्या खोलीत डबा खायचा नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे, बेळगावातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांची संस्था आहे. अशा ठिकाणी जागा बहुतेक प्रकल्पापुरत्या, ठरावीक मुदतीच्या असतात, कायमच्या थोड्या. नुसत्या बी.एस्सी.वर भागत नाही, एम.एस्सी. आणि नेट ही पात्रता परीक्षा लागते. म्हणून कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, दोन्हीकडे अर्ज भरा. बी.एड. त्यानंतरही करता येतं. आणि गट तिनं चालवला, किती शीट पूर्ण झाली, असं सरांचं पत्र निकालाआधीच घेऊन ठेवा.