आईबाबांना घेऊन सिंगापूरला: जेवायचं कुठे?

प्रश्न : ताई, दिवाळीनंतर आम्ही चौघं पाच दिवसांसाठी सिंगापूरला चाललोय. आईबाबा पूर्ण शाकाहारी, बाबांना अंडंही चालत नाही. मी आणि नवरा सगळं खातो. टूर कंपनीनं पाचही रात्रीचं जेवण 'इंडियन रेस्टॉरंट'मध्ये ठेवलंय. आईबाबांची सोय होईल, पण एवढ्या लांब जाऊन रोज पनीरच खायचं का, असं वाटतं. आणि तो नाद सोडला, तर बाबा उपाशी राहतील ही भीती. तुम्ही तिथे राहून आला आहात, म्हणून विचारते.
— एक वाचक, सातारा

उत्तर : कंपनीशी आजच बोला. पाचातली दोन जेवणं ठेवा, तीन सोडा. पैसे परत मिळाले नाहीत तरी सोडा, असंच मी सांगेन. सिंगापूरसारखं शहर बघायला जायचं आणि तिथलं जेवण बसच्या काचेतून बघायचं, हे मला अजिबात पटत नाही. आईबाबांच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण त्यांचा हा प्रवास बहुधा पुन्हा होणार नाही. बाबा उपाशी राहणार नाहीत. मात्र कुठे जायचं आणि काय विचारायचं, हे तुम्हाला आधी माहीत हवं.

तिथलं खरं जेवण हॉकर सेंटरमध्ये मिळतं. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्या फेरीवाल्यांना सरकारनं १९७१ ते १९८६ या काळात नळ, गटार आणि छप्पर असलेल्या जागा बांधून दिल्या, तीच ही सेंटर्स. आज शहरात शंभराहून जास्त आहेत. मधे टेबलं, भोवती छोटे छोटे स्टॉल, एकेका स्टॉलवर दोनचारच पदार्थ, आणि ते वर्षानुवर्षं करून हात बसलेला. चिनी, मलय, तमिळ सगळे एकाच छपराखाली. २०२० मध्ये युनेस्कोनं या हॉकर संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ताटली साधारण चार ते सहा सिंगापूर डॉलरला मिळते.

तुमच्यासारख्या मिश्र कुटुंबाला याहून सोयीची जागा नाही. चौघांनी चार स्टॉलवरून आणायचं आणि एका टेबलावर जेवायचं. कुणी कुणासाठी मन मारायला नको.

पहिल्या दिवशी टेक्का सेंटरला जा. लिटिल इंडिया मेट्रो स्टेशनच्या अगदी लगत आहे. दाक्षिणात्य शाकाहारी स्टॉलवर डोसे, पुऱ्या, भात मिळतो. आईबाबांनी तिकडून घ्यावं, तुम्ही दोघांनी बिर्याणी नाहीतर चिनी नूडल्स. एक काळजी घ्या : त्याच इमारतीत मासळी-मटणाचा बाजारही भरतो. आईंना वास सोसत नसेल तर बाजारातून न जाता खाण्याच्या स्टॉलच्या बाजूनं आत शिरा. आणि अगदीच शांत, फक्त शाकाहारी जागा हवी असेल, तर जवळच सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे. त्याहून जुनं आनंद भवन, १९२४ चं. थकलेल्या दिवशी ही दोन नावं हाताशी असू द्या. टूर कंपनीच्या पनीरपेक्षा तिथला साधा भात-सांबार मला कितीतरी बरा वाटतो.

पण बाबांना चिनी शाकाहारी जेवण खाऊ घालाच. यासाठी वॉटर्लू स्ट्रीटवर जायचं. तिथे क्वान इम थाँग हूड चो हे करुणादेवीचं मोठं चिनी मंदिर आहे आणि शेजारीच श्रीकृष्णाचं देऊळ. चिनी भाविक आधी देवीला नमस्कार करतात आणि जाताना कृष्णाच्या दारातही उदबत्ती लावतात. माझ्या सासूबाई हे बघून कितीतरी वेळ तिथून हलल्या नव्हत्या. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर मिडल रोडला फॉर्च्यून सेंटर नावाची जुनी इमारत आहे. बाहेरून पाहिलीत तर आत शिरावंसं वाटणार नाही, पण आत अनेक शाकाहारी खानावळी आहेत. बरेच चिनी बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत. ते दिवस साधले तर गर्दी भेटेल, पण स्टॉलवर पदार्थही जास्त मांडलेले असतात. आणि आईंना सांगा, बौद्ध पद्धतीच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही टाळतात. आपल्याकडे चातुर्मासात जे शोधावं लागतं, ते तिथे न मागता मिळतं.

ताटात बदकाच्या किंवा कोंबडीच्या मांसासारखा दिसणारा तुकडा आला तर बाबांना घाबरू देऊ नका. सोयाबीनची साय, गव्हातलं ग्लुटेन आणि अळंबी यांपासून ते बनवतात. सासूबाईंनी तो तुकडा बाजूला सारला होता, मी जबरदस्ती केली नाही. तुम्हीही करू नका. भाज्या, टोफू आणि भात यांवर पोट छान भरतं. सकाळच्या वेळी हॉकर सेंटरच्या चिनी शाकाहारी स्टॉलवर 'व्हेजिटेरियन बी हून' मिळतं, म्हणजे तांदळाच्या शेवया, वर कोबी आणि तळलेली सोयाची साय. आईंना हे आवडेल, मला जवळजवळ खात्री आहे.

आता जपायचं कुठे, ते नीट लक्षात ठेवा, कारण फसगत इथेच होते. भाजी दिसते म्हणून पदार्थ शाकाहारी असतोच असं नाही. मलय तिखट चटणी 'सांबाल'मध्ये बहुतेक वेळा कोळंबीचा गोळा, म्हणजे 'बेलाचान', वाटलेला असतो. काकडी, अननस घातलेलं 'रोजाक' कोशिंबिरीसारखं दिसतं, पण त्याच्या काळ्या रसातही कोळंबीच असते. नासी लमाक हा नारळाच्या दुधातला भात, पण त्यावर तळलेल्या सुक्या मासळीची चिमूट येते. साध्या परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा रस, नाहीतर डुकराची चरबी असू शकते. पावाला लावून देतात त्या 'काया' नावाच्या हिरवट गोड मुरांब्यात नारळाबरोबर अंडंही असतं, म्हणजे बाबांना तो नको. आणि अंड्याचं चिनी शाकाहारी स्टॉलवरही विचारायलाच हवं, कारण काही ठिकाणी ते चालवून घेतात.

विचारायचं कसं? नुसतं 'व्हेज?' म्हणू नका, लोक भाजी आहे एवढंच समजून मान हलवतात. 'नो मीट, नो फिश, नो प्रॉन, नो एग' असं एकेक नाव घेऊन विचारा. चिनी स्टॉलवर 'वो च्र सू' म्हणजे 'मी शाकाहारी आहे' हे तीन शब्द पुरतात. 'सू' (素) हे चिनी अक्षर फोनमध्ये साठवून ठेवा. ते ज्या पाटीवर दिसेल तो स्टॉल तुमचा. स्टॉलवरच्या वयस्कर माणसांना सगळे 'अंकल', 'आंटी' म्हणतात. तुम्हीही म्हणा. आपल्याला काका-मावशी म्हणण्याची सवय असतेच, आणि त्यांनाही बरं वाटतं.

बाबा ताटल्यांच्या बाबतीत फार काटेकोर असतील, तर एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. हॉकर सेंटरमध्ये भांडी धुण्याची जागा अनेक स्टॉलना मिळून एकच असू शकते. हलाल भांडी वेगळी ठेवण्याची फळी दिसेल, शाकाहारी भांड्यांची वेगळी सोय असेलच असं नाही. अशा वेळी 'दाबाओ' म्हणा, म्हणजे जेवण डब्यात बांधून मिळतं. नाहीतर फॉर्च्यून सेंटर आणि सेरंगून रोडवरच राहा. त्यांच्या मनाला लागेल असं काही करून सहल साजरी होत नाही.

एक संध्याकाळ मात्र तुम्ही दोघांनी स्वतःसाठी ठेवा. आईबाबांना जेवू घालून खोलीवर सोडा आणि लाउ पा सात गाठा. ओतीव लोखंडाची ही अष्टकोनी बाजाराची इमारत १८९४ ची. अंधार पडला की शेजारची बून टॅट स्ट्रीट वाहनांना बंद होते आणि रस्त्यावरच कोळशावर साते, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजायला सुरुवात होते. गंमत म्हणून जाऊ नका, भूक ठेवून जा. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांसाठी चेंदोल घ्या : किसलेला बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या मऊ शेवया आणि वरून 'गुला मलाका', म्हणजे माडाचा गूळ. कोकणात ज्यांनी माडाचा गूळ खाल्लाय त्यांना पहिल्याच चमच्याला ओळख पटेल.

दोन नियम. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे, तिथे बसू नका. तुम्हीही तसंच धरा, त्याला 'चोप' म्हणतात. आणि जेवण झाल्यावर आपला ट्रे आपण उचलून ठेवायचा. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये हे सक्तीचं आहे, आधी ताकीद देतात, पुन्हा चुकलात तर दंड. आईबाबांचे ट्रे तुम्ही उचला. निघण्याआधी त्या दिवशी ते सेंटर सफाईसाठी बंद नाही ना, हे तिथल्या पर्यावरण संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. भर उन्हात वयस्कर माणसांना बंद दारापर्यंत चालवत नेणं फार वाईट.

प्रश्न : सिंगापूरच्या रेस्टॉरंटच्या मेनूकार्डावर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात, ती कशाची? आणि टिप किती द्यायची?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिलं चिन्ह १० टक्के सेवाशुल्काचं, दुसरं जीएसटीचं. हा कर २०२४ पासून ९ टक्के आहे आणि सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे कार्डावर १०० डॉलर दिसले तर हातात बिल ११९ डॉलर ९० सेंटचं येतं. टिप देण्याची पद्धत नाही, सेवाशुल्क घेतलेलंच असतं. हॉकर स्टॉलवर यातलं काहीच नसतं, पाटीवर लिहिलंय तेवढंच द्यायचं. तिथे दोन, पाच आणि दहा डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. स्थानिक लोक फोननं पैसे देतात, पण प्रत्येक स्टॉलवर आपलं कार्ड चालेलच असं नाही.